अल्बीच्या जागी काळी मेणबत्ती

१

“तुझा पोरगा चोर आहे, जनेल. आणि मेलेल्या माणसाचं चोरतो म्हणजे नुसता चोर पण नाही, त्याच्याही खालचा.”

ग्वेंडा हे बोलली तेव्हा मी तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो. पण बोलली माझ्या आईशी. जसा काही मी दुकानातला स्टूल.

“मी नाही घेतलं,” मी म्हणालो.

“किल्ली कोणाकडे असते?”

“माझ्याकडे. आईकडे. डेसकडे, टिल्डाकडे. तुझ्याकडे पण आहे.”

“म्हणजे मी माझ्याच नवऱ्याची राख चोरली?”

“मला काय माहीत, म्हातारे. लोक काय वाट्टेल ते करतात.”

“रीस,” आई म्हणाली. एवढंच. ती गल्ल्यामागे उदबत्त्यांची पाकिटं लावत होती. चंदन, लव्हेंडर, चंदन, लव्हेंडर. लावून झालेली काढून पुन्हा लावत होती.

आमचं दुकान टॅनर्स क्रीक या ओढ्याच्या चढावर आहे, बेकरीला लागून. देवी मानणारे, झाडं पुजणारे, चेटूक करणारे, पत्ते वाचणारे, नुसतेच हौशी, ज्याला जे लागतं ते आमच्याकडे मिळतं. कढया, जादूच्या कांड्या, स्फटिक, वाळवलेला पाला, काळी पिसं. अर्धं गाव ‘सैतानाचं दुकान’ म्हणतं, आणि त्यातलेच अर्धे मागच्या दारानं झोपेचा पाला न्यायला येतात.

एक फळी मात्र विकायची नाही. खिडकीच्या वर, हात कसाबसा पोचेल अशी. ती मेलेल्यांची फळी. एप्रिल लागला की मंडळातली, म्हणजे हे सगळं मिळून पाळणारी, माणसं आपापल्या मेलेल्यांचं काहीतरी आणून तिथे ठेवतात. चष्मा, कवळी, कुत्र्याचा पट्टा. महिन्याच्या शेवटी साउइन येतं, मेलेल्यांचा सण. दिवस मावळताना क्रीकच्या कुरणात जाळ करायचा, त्याच्याभोवती फेरा घ्यायचा, वस्तू हातात धरायची आणि त्या माणसाला नावानं हाक मारायची. तो येतो, बसतो, जातो. मला कधी दिसला नाही, पण ग्वेंडाला दिसतात. ज्याची वस्तू नाही त्याला हाक नाही. मंडळाचा नियम आहे, आणि घातलाय ग्वेंडानंच, कारण मंडळाची मोठी तीच.

पुस्तकांत हा सण ऑक्टोबरात असतो. पुस्तकं विषुववृत्ताच्या वरच्या देशांत छापतात, तिकडे पानं तेव्हा गळतात. आमची एप्रिलमध्ये गळतात. ऑक्टोबरात फक्त टुरिस्ट येतात. आई त्यांना पुस्तकातलं वाचून दाखवते आणि खोक्यातल्या काळ्या मेणबत्त्या विकते.

अल्बी, ग्वेंडाचा नवरा, फेब्रुवारीत गेला. हे त्याचं पहिलं साउइन. निळ्या काचेच्या छोट्या बरणीत त्याची मूठभर राख होती. बाकीची ग्वेंडानं समुद्रात सोडलेली. म्हणजे तिच्याकडे अल्बी उरला होता तेवढाच.

“शनिवारी दिवस मावळायच्या आत ती बरणी फळीवर नसेल,” ग्वेंडा म्हणाली, “तर मंडळ या उंबऱ्यात पाय ठेवणार नाही. मग विक टुरिस्टांना तुझे दगड.”

मंडळ गेलं तर दुकान गेलं. हे आईला माहीत होतं, मलाही.

“पण रीसनं का घ्यावी ती?” आईनं खाली बघतच विचारलं.

ग्वेंडा पहिल्यांदा माझ्याकडे वळली. “सांग की आईला. मंगळवारी मला काय म्हणालास ते सांग.”

२

मंगळवारी ती मला म्हणाली होती, शाळा सोडलीस, निदान सुतारकाम तरी शीक, आईच्या जिवावर किती दिवस बसशील. रोज कोणीतरी हेच म्हणतं. त्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, “अल्बी मेला ते बरं झालं. तुझी बडबड ऐकण्यातून सुटला.”

हे मला आईसमोर परत म्हणावं लागलं. शब्दाला शब्द. आईनं एक पाकीट उचललं, वास घेतला आणि परत ठेवलं.

त्यामुळे ग्वेंडाचं चूक नव्हतं. मी तिच्या जागी असतो तर मीही माझंच नाव घेतलं असतं.

गुरुवारी सकाळी दुकान मी उघडलं होतं. फळीवर अल्बीच्या जागी एक काळी मेणबत्ती उभी होती, थोडी जळून विझवलेली. तिच्याभोवती काळ्या पिसांचं कडं. मला वाटलं डेसनं काहीतरी मांडलंय. डेस आमच्याकडे मागच्या खोलीत पत्ते वाचतो. स्टुलावर चढून मी मोबाइलवर फोटो काढला आणि त्याला पाठवला, ‘हे तुझं का?’ तेवढ्यात ग्वेंडा आली. तिनं वर बघितलं, काठीनं सगळं खाली पाडलं आणि ओरडायला लागली. मेणबत्ती गडगडत कपाटाखाली गेली. पिसं पसरली.

ती गेल्यावर आईनं झाडू घेतला.

“व्हॅक्यूम क्लीनर का नाही घेत?”

“बिघडलाय.”

“बघू का मी?”

“नको,” आई म्हणाली. “तू जा. तू बाहेर जा जरा.”

मला वाटलं तिला माझं तोंड बघवत नाहीये. मला माझंच बघवत नव्हतं. मी पिसं गोळा केली, मेणबत्ती कपाटाखालून काढून खिशात घातली आणि मागच्या पायरीवर जाऊन बसलो.

कुलूप फोडलेलं नव्हतं. किल्ल्या पाच. मी नव्हतो. ग्वेंडा नव्हती, वर बघून ती कशी ओरडली ते मी बघितलं होतं. उरले डेस आणि मंडळातली टिल्डा. आईला मी धरलंच नाही. आईला कोण धरतं?

३

डेस दुपारी आला. सत्तरीचा माणूस, अंगठ्या अकरा आणि दात त्याहून कमी.

“फोटो बघितला,” तो म्हणाला. “माझं नाही ते. आणि ज्यानं मांडलं त्याला मला भेटायचं पण नाही.”

“शाप आहे ना?”

“काळी मेणबत्ती, काळी पिसं, मेलेल्याच्या जागेवर. वाढदिवस तर नाही ना हा, गड्या.”

“बुधवारी दुकान बंद झाल्यावर तू कुठे होतास?”

“अरे वा, साहेब. होबार्टला, बहिणीकडे. तिनं मासे तळले, मी ते खाल्ले, मग रात्रभर पस्तावलो. फोन लावून देऊ?”

“दे.”

त्यानं खरंच लावून दिला. बहिणीनं माशांबद्दल दोन शिव्या हासडल्या, त्यालाही आणि मलाही. डेस सुटला.

“तुझी आई कशी आहे?” त्यानं विचारलं.

“गप्प आहे.”

“तिच्या पोटावर येणार हे. मंडळ काय, जाईल दुसरीकडे, माझ्या गॅरेजमध्ये बसेल. ती कुठे जाईल? फेऱ्यात कधी आली नाही ती. मी किती वेळा म्हटलं, ये गं, पाय मोडतात का? तर म्हणे गल्ल्यावर कोण बसेल. हलवाई आपली मिठाई खात नाही म्हणतात ना, तसं.” मग चष्मा वर करून म्हणाला, “तो फोटो पुन्हा दाखव. मोठा कर.”

आम्ही दोघं वाकून बघत बसलो. मेणबत्ती उजव्या हाताला थोडी कललेली. पिसं नीट, हलक्या हातानं लावलेली, एकाचं टोक दुसऱ्याच्या अंगावर, कौलं शाकारतात तशी.

आणि मला ते दिसलं.

कौलं शाकारताना आधी कुठलं लावलं ते कळतं, कारण नंतरचं त्याच्या वर बसतं. इथेही प्रत्येक पीस आधीच्या पिसावर बसलं होतं. मी बोट लावून मागोमाग गेलो. बोट घड्याळाच्या उलट फिरलं.

“डेस, शाप कुठल्या दिशेनं मांडतात?”

“सूर्याच्या विरुद्ध. लेकराला पण माहीत आहे.”

मला माहीत होतंच. आमच्याकडे सूर्य उत्तरेच्या अंगानं जातो. त्याच्याकडे तोंड करून उभं राहिलं तर तो उजवीकडे उगवतो आणि डावीकडे बुडतो. म्हणून मंडळाचा फेरा घड्याळाच्या उलट असतो. ती आमची सुलटी दिशा. बोलवायचं, जोडायचं, आशीर्वाद द्यायचा तर घड्याळाच्या उलट. मोडायचं, घालवायचं, शाप द्यायचा तर घड्याळासारखं. मी पाच वर्षांचा असल्यापासून फेऱ्यात चालतोय. झोपेत उठवून विचारलं तरी चुकणार नाही.

“हे आशीर्वादाच्या दिशेनं लावलंय,” मी म्हणालो.

डेसनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. “काळ्या मेणबत्तीनं आशीर्वाद कोण देतो?”

“कोणी नाही. शापच द्यायचा होता. पण ज्यानं दिला त्याचा सूर्य उलटा फिरतो.” माझं डोकं तापायला लागलं होतं, चांगलं तापायला. “वरच्या देशांत सूर्य दक्षिणेनं जातो. तिकडे सगळं आपल्या उलट. तिकडचा माणूस शाप घड्याळाच्या उलटच मांडणार. डेस, टिल्डा कुठली आहे?”

“वरच्याच देशांतली, यॉर्कशरची,” डेस म्हणाला. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून घाईनं म्हणाला, “रीस, थांब. आधी नीट विचार कर.”

मी थांबलो नाही. मी कधीच थांबत नाही, तोच तर घोटाळा आहे.

४

शुक्रवारी दुपारी मंडळ मागच्या खोलीत जमलं होतं. जाळासाठी फांद्यांच्या जुड्या बांधायच्या होत्या. बरणी मिळेपर्यंत दुकानात पाय ठेवायचा नाही म्हणून ग्वेंडा अंगणाच्या बाजूनं येऊन दारात खुर्ची टाकून बसली होती. आई चहा देत होती. टिल्डा जमिनीवर मांडी घालून सुतळी कापत होती. टिल्डा आमच्या मेणबत्त्या करते. तिच्या हाताला कायम मेणाचा वास येतो. लहानपणी ताप आला की ती माझ्या कपाळावर तोच हात ठेवायची.

मी सगळ्यांसमोर विचारलं, “बरणी कुठे ठेवलीस, टिल्डा?”

“कसली बरणी?”

“अल्बीची.”

सुतळी कापायची थांबली. मी फोटो दाखवला, पिसं दाखवली, दिशा सांगितली. चांगलं सांगितलं. लोक पुढे वाकून ऐकत होते, आणि खरं सांगू का, मला मजा येत होती. काल मी चोर होतो, आज सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. म्हणून मी बोलतच गेलो.

“वीस वर्षं आमच्यात राहिलीस, पण हात तुझे तिकडचेच राहिले. अल्बी तुझ्या मेणबत्त्यांना भेसळ म्हणाला होता, ते तू विसरली नाहीस. मेल्यावर सूड घेतलास. इथलं काही जमत नसेल तर तुझ्या देशात जायचं होतं परत.”

आईच्या हातातल्या ट्रेमध्ये कप वाजत होते.

टिल्डा म्हणाली, “ती मेणबत्ती आहे का तुझ्याकडे?”

मी खिशातून काढून दिली. तिनं ती दोन्ही हातांत धरली आणि काडकन मोडली. बाहेरून काळी. आत पांढरी.

“बघ. वरून रंग फासलेली. माझी मेणबत्ती गाभ्यापर्यंत काळी असते. अल्बी भेसळ म्हणाला तेव्हापासून तर रंग मी स्वतः कुटते. शाप द्यायला मी हा कचरा वापरीन?”

मी मोडलेले तुकडे हातात घेऊन बघितले.

“आता पिसं दे इकडे.”

मी पिसांची पिशवी दिली. तिनं डोळे मिटले. राग तिच्या मानेपर्यंत चढलेला दिसत होता. “आत्ता मला एका माणसाला मनापासून शाप द्यायचाय,” ती म्हणाली, “त्यामुळे हात खोटं बोलणार नाही.” आणि भराभर पिसं मांडली, एकावर एक, एकावर एक. न बघता. कडं घड्याळासारखं फिरलं. इथल्यासारखं.

“आले तेव्हा माझे हात उलटेच जायचे. ग्वेंडानं मनगट धरून वळवले. वर्ष लागलं. रात्री उशीत तोंड घालून रडायचे मी, की मला साधा फेरा घेता येत नाही.” तिनं डोळे उघडले. “हे कडं माझ्या देशातल्या माणसाचं नाही, रीस. मनगट कोणीच वळवलेलं नाही अशा माणसाचं आहे. पुस्तकात वाचून केलंय हे. फेऱ्यात कधी चालला नाही असा माणूस शोध.”

ती उठली, सुतळी गुंडाळून खिशात घातली आणि ग्वेंडाच्या खुर्चीशेजारून निघून गेली. कोणी तिला थांबवलं नाही. कोणी माझ्याकडे बघितलंही नाही. ग्वेंडानं फक्त मान हलवली, कुत्र्यानं घरात घाण केल्यावर हलवतात तशी.

५

सगळे गेल्यावर मी दुकानात आलो. मागच्या खोलीत बूट घालत नाहीत, त्यामुळे पायात नुसते मोजे होते. ऊन अजून खिडकीतून येत होतं. आई बेकरीत पाव आणायला गेली होती.

मी फळीखाली उभा राहिलो आणि टाचेत काहीतरी खुपलं.

मोजा काढला. काचेचा कण. तांदळाएवढा, निळा.

मी खाली बसून जमिनीच्या फळ्यांच्या फटीत नख घातलं. अजून एक निघाला. म्हणजे बरणी चोरीला गेलीच नव्हती. फुटली होती, इथेच. आणि फुटली असेल तर काचा कोणीतरी गोळा केल्या होत्या, राख कोणीतरी गोळा केली होती, आणि कशानं?

मला कळलं होतं आणि मला कळायला नको होतं. पुस्तकात वाचून केलेलं. खोक्यातली रंग फासलेली मेणबत्ती, टुरिस्टांना विकतात ती. ज्याच्याकडे किल्ली आहे आणि जो फेऱ्यात कधीच आला नाही. ग्वेंडा चालते, डेस चालतो, टिल्डा चालते, मी चालतो.

जिन्याखालच्या कपाटात व्हॅक्यूम होता. मी प्लग लावला, बटण दाबलं. लगेच सुरू झाला. काही बिघडलं नव्हतं त्याचं.

“बंद कर तो,” आई मागून म्हणाली. “रीस, बंद कर, प्लीज. आत अल्बी आहे.”

मी बंद केला.

ती पाव छातीशी धरून उभी होती. मग तिथेच जमिनीवर बसली.

“मी फळीवरची जळमटं काढत होते,” ती म्हणाली. “नळी लागली आणि बरणी पडली. मी हातानं उचलायला लागले. खरंच उचलत होते. पण ते बोटांना लागत होतं रे. त्यात हाडांचे बारीक बारीक तुकडे होते. मला किळस आली. अल्बीची. जो मला दर रविवारी अंडी आणून द्यायचा. मी डोळे मिटले आणि मशीन फिरवलं.”

“आणि मेणबत्ती?”

“वाटलं, कोणीतरी शाप दिला असं दिसलं तर लोक म्हणतील बाहेरचं कोणीतरी असेल. आपल्या दुकानाच्या काचेवर अंडी मारतात ती पोरं असतील. मी लोकांना इतक्या वेळा वाचून दाखवलंय, कसं मांडायचं, कुठून सुरू करायचं. पुस्तकात आहे तसंच मांडलं.”

“पुस्तक वरचं आहे, आई.”

“मला काय माहीत,” ती म्हणाली. आणि मग हळू आवाजात, “मला यातलं काहीच माहीत नाही. सगळ्यांना वाटतं मला येतं म्हणून मी गप्प बसते.”

मला तिच्यावर ओरडायचं होतं. ग्वेंडा मला चोर म्हणाली तेव्हा तू पाकिटं लावत होतीस, हे बोलायचं होतं. पण ती बसली होती तशी मी तिला कधी बघितली नव्हती, म्हणून मी ओरडलो नाही.

ती म्हणाली, “त्यांना आधीच वाटतंय तू केलंस. तू म्हण, मस्करी करायला गेलो आणि फुटली. तुला माफ करतील. पोरगा आहेस. मला नाही करणार.”

माझ्या स्वतःच्या आईनं मला हे सांगितलं. आणि सगळ्यात वाईट काय, तर मला ते पटलं. मंगळवारी मी काय बोललो, आज मी काय बोललो, त्यात अजून एक. कोणाला फरक कळला असता?

मी मशीनचं झाकण उघडलं, धुळीची कागदी पिशवी काढली आणि स्वच्छ उशीच्या अभ्र्यात घातली.

“उद्या जाऊ,” मी म्हणालो. “दोघं.”

“काय सांगणार आहेस?”

“माहीत नाही.”

६

शनिवारी दुपारी ग्वेंडानं दार उघडलं, अभ्रा बघितला आणि आम्हाला स्वयंपाकघरात नेलं. टेबलावर अल्बीचा कप होता. धुतलेला, पण त्याच्या जागेवर. तिनं आम्हाला बसा म्हटलं नाही.

आईनं तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. मी तिच्याकडे बघितलं. तिच्या ओठावर घाम आला होता. मला वाटलं, चला, बोलून टाकू. माझं काय जातंय.

“ग्वेंडा,” मी म्हणालो, “बरणी मी...”

“गप्प बस,” आई म्हणाली. “गप्प बस, रीस. मी फोडली. मी. हा नव्हताच तिथे.”

मग तिनं सगळं सांगितलं. किळस आली ते सुद्धा. माझ्यावर ढकलायला निघाली होती, ते सुद्धा. ते मी सांगितलं नसतं. ग्वेंडा सिंकला टेकून ऐकत होती.

“किती दिवस साफ केली नव्हतीस ही पिशवी?” ग्वेंडानं विचारलं.

“ईस्टरपासून,” आई म्हणाली.

“म्हणजे त्याच्यात तुझ्या दुकानाची धूळ, केस, पाला, सगळ्या गावाच्या बुटांची माती.”

“हो.”

ग्वेंडानं अभ्रा उचलला, वजन बघितलं आणि कुशीत धरला. “चाळीस वर्षं मी त्याला बूट काढून घरात ये म्हणत होते,” ती म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. हसली का रडली मला कळलं नाही. मी जमिनीकडे बघत होतो.

मग तोंड पुसून ती आईला म्हणाली, “शाप दिल्याचं दाखवायला तुला त्याचीच जागा सापडली. आणि तोही धड देता आला नाही. इतकी वर्षं दुकान चालवतेस, एकदा तरी विचारायचं होतंस, ग्वेंडा, हे कसं करतात. मी हसले असते. मग शिकवलं असतं.”

“मला लाज वाटत होती.”

“आता वाटते ती कमी आहे का?”

“नाही,” आई म्हणाली.

“आज फेऱ्यात चालायचं. माझ्या मागे. काय झालं ते जाळासमोर सगळ्यांना स्वतःच्या तोंडानं सांगायचं. मग मी त्याला हाक मारीन. येतो की नाही ते त्याचं तो बघेल.” ती थांबली. “आणि सोमवारी मला लोबान लागेल. दुकान उघडं ठेव.”

आईनं मान हलवली.

निघताना मी दारात थांबलो. “मंगळवारी मी बोललो ते...”

“ते लागलं,” ग्वेंडा म्हणाली. “अजून लागतंय. काढायला बघू नकोस, राहू दे. पण माझ्यापुढे काय उभा आहेस? टिल्डा आज जाळाला येणार नाही म्हणाली. वीस वर्षांत पहिल्यांदा.”

“मी जाऊन सांगतो तिला.”

“काय सांगशील?”

अजून सुचलेलं नाही. मी टिल्डाच्या शेडसमोरच्या कुंपणावर बसलोय, डोकं शांत व्हावं म्हणून हे सगळं लिहून काढतोय. चोर कोण ते शोधलं, कसं शोधलं ते पण सांगितलं, तरी शहाणा असल्यासारखं काही वाटत नाहीये. आतून मेण ढवळल्याचा आवाज येतोय. तिनं मला खिडकीतून दोनदा बघितलंय आणि दोन्ही वेळा परत कामाला लागलीय. ऊन कुरणाच्या पलीकडे गेलं. थोड्या वेळात सगळे जमतील. आता तिनं दार उघडलंय आणि दारातच उभी आहे, हात पुसत. मला तिच्याकडे जायला हवं.